कोठ्याची पश्चिमेची भिंत

नागपूर,
30 मे

प्रिय सुध्या,

तब्येतीचं आधी उरकतो. साखर गोळ्यांवर आहे, गुडघा कुरकुरतो, आई ठीक. तिला ऐकू कमी येतं, पण कोणी माझी निंदा करत असलं की दोन खोल्या पलीकडून स्पष्ट ऐकू येतं. झालं.

पाकीट पाहून दचकला असशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलं नाही. फोनच करणार होतो, तीनदा तुझा नंबर काढला. पण फोनवर तू ‘बोल’ म्हणतोस, मी ‘काही नाही बे, सहजच’ म्हणतो आणि मग आपण उन्हावर बोलत बसतो. तर ऊन असं की नवतपा सुरू आहे आणि मी खिशात कांदा घेऊन फिरून राहिलो आहे. तेही झालं.

आता मुद्दा. वावरातल्या गुरांच्या कोठ्याची पश्चिमेची भिंत मी बांधली. एकट्यानं, मातीची. लांबी 14 फूट, उंची 8, जाडी दीड फूट. शेवटचा थर टाकून आज नऊ दिवस झाले आणि या नऊ दिवसांत मला धड झोप नाही.

हसून घे. मिस्त्रीही हसला. म्हणाला, ‘भाऊ, कायले चिखलात हात घालता? पाडा सारं, पत्रे टाका, राखेच्या विटा लावा, आठ दिवसांत मोकळे.’ आता कोराडी-खापरखेड्याच्या वीजघरांच्या चिमण्या पेटत्या आहेत तोवर राखेला अन् तिच्या विटांना तोटा नाही, हे खरंच. पण बाकीच्या तीन भिंती, छपराचं आडं, फाटे, कवेलू सगळं जागेवर असताना मधेच राखेची वीट म्हणजे धोतरावर टाय. धाकट्याचं मत विचारू नकोस. त्याला कोठा दिसतच नाही, काटोल रोडपासूनचं अंतर दिसतं. कोणी प्लॉट पाडणारा ले-आउटवाला येऊन गेला की याचा आवाज आठ दिवस गोड होतो.

एकटं काम करण्यात मर्दुमकी काही नाही रे. नुसता उशीर आहे. पहाटे साडेचारला उठायचं, नऊ-साडेनऊपर्यंत काम, मग निंबाखाली मेल्यासारखं पडायचं, पुन्हा पाचनंतर हात लावायचा. आपल्या काळ्या मातीची भिंत होत नाही, पाणी लागलं की ती फुगते आणि सुकली की फाटते, म्हणून गावातल्या आबाजींच्या पडक्या घराची पांढरी माती आणली. तिच्यात गव्हाचं कुटार, पाणी, आणि चार दिवस मुरू द्यायचं. मग तुडवायचं. तुडवताना तुझी आठवण आली, कारण त्या वर्षी गणपतीच्या मातीत नाचून तूच माझ्या मोठ्या आईचा मार खाल्ला होतास आणि नाव माझं सांगितलं होतंस. दीड-दीड फुटाचा थर. एक सुकला की दुसरा. या उन्हात तो वरून झटकन सुकतो आणि आतून ओलाच राहतो, म्हणून ओलं बारदान टाकून त्याला उगाच थंडावा द्यायचा, लग्नाघरच्या नवऱ्या मुलासारखा.

लाकडाचं तर विचारूच नकोस. छपराचा भार पेलणाऱ्या म्यालीचं पश्चिमेचं टोक उधईनं आतून पोकळ केलं होतं, बोट घातलं तर भुसा. लकडगंजात दोन दिवस फिरून जुन्या वाड्यातून निघालेला सागाचा तुकडा मिळाला, त्याला लागणारे बोल्ट लोहाओळीतून आणले. पंप काढणाऱ्याची वजन उचलायची चेनकुप्पी मागून आणली, खाली ट्रॅक्टरचा जॅक, त्याखाली ओंडका, आणि छप्पर सूत-सूत करत उचललं. एक सूत उचलायचं, बाहेर पळायचं, कवेलू सरकले का पाहायचं, परत आत. अकरा कवेलू फुटले. कवेलू आता घडवतो कोण? ज्याचं घर पडतं त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, मयतीला गेल्यासारखं.

पण सगळ्यात जास्त घाम लेव्हलच्या नळीनं काढला. तुला माहीतच आहे, नळीला दोन टोकं आणि दोन माणसं. मी एक टोक खुंट्याला बांधायचो, पाणी स्थिर होईस्तोवर थांबायचो, दुसऱ्या टोकाला धावत जाऊन खूण करायचो, की इकडे बांधलेलं टोक घसरून अर्धं पाणी जमिनीवर. असं पाच वेळा. सहाव्यांदा मी वावरात उभा राहून तुला मोठ्यानं शिवी दिली. शेजारच्या वावरातली मावशी म्हणाली, ‘कोणाले बोलता भाऊ?’ मी म्हटलं, पुण्याच्या माणसाला.

बरं, तिथवर आलोच आहे तर आता बोलतो.

बाबांच्या तेरवीला मी जे बोललो ते तुझ्या लक्षात आहे. माझ्याही आहे. सगळ्या पंगतीसमोर म्हटलं होतं की याच्या सिमेंटनं आमची भिंत खाल्ली, गोऱ्हा दबला, आणि बाबा त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. तू पानावरून उठला नाहीस, पण बुंदी पत्रावळीवर तशीच होती. मी पाहिलं होतं. नंतर तू दोनदा फोन केलास, तेही पाहिले.

आणि माझं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं, हे मी आजही म्हणतो. 1993 च्या दिवाळीत व्हीआरसीई इंजिनिअरिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची सगळी अक्कल घेऊन तू आलास आणि बाबांना सांगितलंस, काकाजी, बाहेरून सिमेंटचा गिलावा मारा, पन्नास वर्षं पाहायला नको. मातीच्या भिंतीला सिमेंट मारलं की आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, हे तुला तिसऱ्या वर्षी शिकवलं असेल. मी हे दोन वर्षं मनात घोळवत होतो. भिंत पडली त्या श्रावणात बाबा खाटेवरून एवढंच म्हणाले होते, ‘पाणी कुठून आलं ते पहा.’ मी पाहिलं नाही. मला माहीतच होतं ना कुठून आलं!

तर यंदा एप्रिलमध्ये ढिगारा उपसला. तुझा गिलावा टिकासानं सोलला. सुध्या, वरची भिंत, जेवढी उभी राहिली होती तेवढी, आतून ठणठणीत कोरडी होती. टिकास उसळत होती. सडलेली होती ती फक्त खालची दोन फूट. तिथं नुसता काला झालेला. आणि त्या दोन फुटांच्या बाहेर काय होतं, तर मुरूम. दगडी जोतं पार मुरमात गाडलेलं. मी बाहेरून खोदत गेलो तेव्हा कुठे दोन फुटांवर जोत्याचा वरचा दगड लागला.

हा मुरूम कुठला हे तुला सांगायला नको. 1995 च्या उन्हाळ्यात विहीर खोल केली तेव्हा निघालेला. बाबा म्हणत होते पांदणीत टाका. ट्रॉली थेट भिंतीला लागावी, कुटार उतरवायला सोपं जावं, म्हणून मी तो पश्चिमेच्या भिंतीला लावून पसरवला आणि वरून चोपला. तू सुट्टीत आला होतास, दोन दिवस घमेली तूही वाहिलीस आणि संध्याकाळी आपण त्या सपाट जागेवर क्रिकेट खेळलो. स्टंप त्याच भिंतीवर कोळशानं काढले होते. म्हणजे जोतं मी गाडलं, पश्चिमेचा सगळा पाऊस दरवर्षी भिंतीच्या पायाशी साठवला, आणि तुझ्या गिलाव्यानं तो फक्त आत अडवला. दोघांचं आहे. पण वाटणी करायची तर माझी बाजू मोठी, आणि हे पंगतीत बोलायला हवं. पुढची पंगत कधी आहे ठाऊक नाही, म्हणून पत्र.

मुरूम सगळा काढला. तीस वर्षं उशिरा पांदणीत टाकला.

आता खरी काळजी ऐक, बाकी सोड. नव्या भिंतीचा जुन्या उत्तरेच्या भिंतीशी जिथं सांधा आहे तिथं भेग आली आहे. उभी, खालून साधारण तीन फुटांवर सुरू होऊन वर जाते. दात सोडले होते, एकाआड एक थर जुन्या भिंतीत घुसवला आहे, तरी आली. एक मन म्हणतं, नवी माती सुकताना आकसणारच, जुनी कधीची आकसून बसली आहे, भेग यायचीच. दुसरं मन म्हणतं, पाया बसून राहिला आहे आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की सगळं पुन्हा अंगणात. ओळंबा धरला तर वारा. वारा थांबला तर माझा हात. तू आजीच्या घरी शाइनिंग मारायला काच लावली होतीस ना भेगेवर, भिंत हलली तर काच फुटते म्हणून? तसे जुन्या फ्रेमच्या काचेचे दोन तुकडे चुन्यानं चिकटवले. वरचा शाबूत आहे. खालचा पडला. फुटला नाही, सुटून पडला. आता याचा अर्थ काय लावायचा? चुना वाईट की भिंत? मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, ‘पत्रे.’

वहिनींचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर विचारपूस न केल्याबद्दल त्यांच्या शिव्या पोचल्या असं समज. लेकीचा बारावीचा निकाल लागला असेल, पेढे तूच खा, तुला साखर नाही. हिंजवडीचं घर सोडलंस असं कोणी तरी म्हणालं, नवा पत्ता आईच्या डायरीतून घेतला आहे, तो जुनाच निघाला तर हे पत्र कोणाच्या तरी सासऱ्याला मिळेल.

मृग 7-8 जूनला लागतो. त्याआधी एक दिवस काढता आला तर पाहा. तर्री पोहे माझ्याकडून, आणि सिमेंटबद्दल मी काही बोलणार नाही. आधी तू बोललास तर गोष्ट वेगळी.

तुझा,
पक्या

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी बॅटरी घेऊन पाहून आलो. वरची काच आहे. भेग मात्र केसभर वाढली आहे, किंवा काल मी बोट दुसऱ्या जागी लावून मोजली होती.