वहीतली चूक तुमची नव्हती

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

काल रात्री साडेदहाला घरी सुखरूप पोहोचले. चाकणला नेहमीप्रमाणे गाडी अडकली, एवढे सोडले तर प्रवास चांगला झाला. निघण्याआधी तुमच्याशी एक गोष्ट नीट बसून बोलायची होती, पण बसची वेळ झाली आणि ती राहून गेली. फोनवर ती बोलता आली नसती, कारण आपले फोनवरचे बोलणे अलीकडे "आता कुठले बटण दाबू" इथेच येऊन थांबते. म्हणून हे पत्र.

शुक्रवारी दुपारी तुम्ही दोघे पडला होतात, तेव्हा टीव्हीशेजारच्या फळीवरची बाबांची निळी वही मी उघडून पाहिली. बाबा, न विचारता पाहिली, त्याबद्दल क्षमा असावी. टीव्ही लावणे, पैसे पाठवणे, विजेचे बिल भरणे अशी एकेका कामाची पाने तुम्ही तुमच्या रेखीव अक्षरात लिहून ठेवली आहेत आणि प्रत्येकाखाली क्रमांक घालून पायऱ्या दिल्या आहेत. बिलाचे पान तुम्ही तीन वेळा लिहिले आहे. पहिल्या दोन पानांवर तिरकी रेघ मारून लाल शाईने "चूक" असे लिहिले आहे, आणि तिसऱ्या पानावर चौथ्या पायरीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. ते पान मी किती वेळ हातात धरून बसले होते, ते सांगता येणार नाही.

बाबा, तुमचे एकही पान चुकलेले नाही. ज्या ॲपमधून आपण बिल भरतो ते दर काही दिवसांनी आपोआप अद्ययावत होते आणि तेव्हा कधी बटणाची जागा बदलते, कधी त्याचे नाव बदलते, तर कधी मधेच एखादी जाहिरात उभी राहते. तुम्ही लिहिले त्या दिवशी ते बरोबरच होते. नंतर समोरचा पडदा बदलला आणि ते तुम्हाला कोणी सांगितले नाही. तुम्ही नोटा छापणाऱ्या चलार्थ पत्र मुद्रणालयात छत्तीस वर्षे काढलीत. छापलेल्या तावावर शाई केसाएवढी सरकली तरी ती तुमच्या नजरेतून सुटत नसे, हे मी लहानपणी तुमच्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. छपाईत लहानसा बदल करायचा झाला तरी आधी लेखी आदेश येई, असे तुम्हीच सांगायचात. १९९६ मध्ये महात्मा गांधींच्या चित्राच्या नव्या मालिकेतील नोटा आल्या, तेव्हा आधीच्या नोटाही लोकांच्या हातात चालत राहिल्या, त्यामुळे सगळ्यांना नवी नोट ओळखीची व्हायला सवड मिळाली. या ॲपवाल्यांना तेवढी सवड माणसाला द्यावीशी वाटत नाही, याचा मला मनापासून राग येतो. आणि त्याचा दोष तुम्ही स्वतःच्या माथी घेऊन लाल शाईने लिहून ठेवलात, याचे फार वाईट वाटते.

आई, आता तुझ्या टीव्हीबद्दल. मागच्या दिवाळीत मोठा टीव्ही घेऊन दिला तेव्हा मला वाटले होते की तुला चित्र स्पष्ट दिसेल आणि तू खूश होशील. प्रत्यक्षात तुझ्या वाट्याला दोन रिमोट आले, एक टीव्हीचा आणि एक सेट टॉप बॉक्सचा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या त्या काळ्या रिमोटवर तू एका बटणाला लाल टिकली चिकटवली आहेस, ती मी पाहिली. त्या टिकलीवर बोट ठेवूनही टीव्ही आधी स्वतःचेच पान उघडतो, त्यावर कुठल्या कुठल्या चित्रपटांची पोस्टरे सरकत राहतात आणि दुसऱ्या एखाद्या बटणाला चुकून हात लागला तर निळ्या पडद्यावर "सिग्नल नाही" एवढेच येते. तोवर सह्याद्रीच्या सातच्या बातम्या निघून गेलेल्या असतात. गुरुवारी असेच झाले, तेव्हा तू पदराने हात पुसत म्हणालीस, "राहू दे, मला आज बातम्या बघायच्याच नव्हत्या." तुला बघायच्या होत्या. सात वाजायच्या आत कणीक मळून तू पाटावर येऊन बसली होतीस.

जाहिरात लागली की घर दणाणते आणि मालिका सुरू झाली की माणसे काय बोलतात ते कळत नाही, असे तू म्हणालीस. त्यावर मी पटकन "कान तपासून घेऊ या" म्हणाले, ते माझे चुकले. जाहिरातीतला हलका आवाजही मुद्दाम उचलून मोठ्या आवाजाच्या बरोबरीला आणलेला असतो, म्हणून ती अंगावर येते. आणि नव्या पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, म्हणून बोलणे पार्श्वसंगीतात बुडून जाते. केबल टेलिव्हिजनच्या नियमावलीत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा आणि जाहिराती तासाला बारा मिनिटांच्या आत असाव्यात, असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे तुझ्या कानांना जे खटकले ते नियम करणाऱ्यांनाही खटकलेच होते.

मालिकांबद्दलही तुझेच म्हणणे मला पटते. कोणी कोणाला थप्पड मारली की तोच प्रसंग तीन बाजूंनी तीनदा दिसतो, प्रत्येक चेहऱ्यावर ढोल वाजतो, आणि दुसऱ्या दिवशीचा भाग पुन्हा त्याच थपडेपासून सुरू होतो. १९८७ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचे, तेव्हा शेजारपाजारची मुले आपल्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसायची. आठवड्यातून एकदाच ते येई आणि पुढच्या रविवारपर्यंत पुरे. अठ्ठ्याहत्तर भागांत सगळे रामायण झाले होते. आता रोज वीस-बावीस मिनिटे भरायची असतात, तेव्हा गोष्ट ताणली जाणारच. तरीही ती सासू सुनेला कधी तरी आपले म्हणेल म्हणून तू रोज बसतेस, हे मला कळते, आणि त्यात तुला कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

बँकेतला प्रकार मात्र मी सहजासहजी विसरू शकणार नाही. हयातीच्या दाखल्यासाठी बाबा नोव्हेंबरात दोन तास रांगेत उभे राहिले आणि यंत्राने त्यांच्या बोटाचा ठसा सहा वेळा नाकारला. "आजोबा, नीट दाबा" असे सगळ्यांसमोर म्हटले गेले. वयोमानाने त्वचा कोरडी होते, बोटांवरच्या रेषा झिजतात आणि मग यंत्राला त्या वाचता येत नाहीत. दाबण्याचा त्यात काही संबंध नसतो. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, याची सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवूनही दाखला देता येतो. हे बाबांना तिथल्या कोणीतरी सांगायला हवे होते, आणि मीही आधी चौकशी करायला हवी होती. पुढच्या वर्षी नोव्हेंबर लागला की मी येईन, आपण घरी ओट्याजवळच्या उजेडात ते काम करू.

आणखी एक, बाबा. पोलीस असल्याचे सांगून तुमच्या नावाच्या पार्सलबद्दल धमकावणारा फोन आला होता, हे तुम्ही मला आठ दिवसांनी आणि तेही आईने डोळ्यांनी खुणावल्यावर सांगितलेत. तुम्ही फोन ठेवून दिलात, पैसे दिले नाहीत, अगदी योग्य केलेत. पण त्यानंतर तुम्ही अनोळखी क्रमांक उचलणेच बंद केलेत आणि त्यामुळे गॅसचे सिलिंडर दोनदा परत गेले. फोनवर किंवा व्हिडिओवर कोणाला अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. असा फोन पुन्हा आला तर तो कापा आणि मला कळवा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करायची. तसेच, फोनवरच्या ॲपमध्ये कोणाकडून पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, तो देताना लागतो. एवढे निळ्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

फोनवर "मराठीसाठी अमुक दाबा" असे सांगतात तेव्हा फोन कानाला असल्यामुळे पडदा काळा होतो, आणि तो कानापासून दूर धरेपर्यंत पुढचे वाक्य निघून जाते, हेही मी पाहिले. त्यासाठी आधीच स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवायचा. ओटीपीच्या वेळी चष्मा आधी डोळ्यांवर असू द्या. वेळ संपली तर घाबरू नका, दुसरा मागवता येतो.

मी पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत नाशिकरोडला पोहोचते. टीव्ही लावला की थेट सेट टॉप बॉक्सच सुरू होईल अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती करून देते. बोलणे स्पष्ट ऐकू येईल असा आवाजाचा प्रकारही तिथेच निवडता येतो. २०१९ पासून वाहिन्या आपल्या आपण निवडता येतात, तरी आपण कधी न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे भरत आलो आहोत. तोही पॅक बसून कमी करू. तोवर काही अडले तर संध्याकाळी सातला बिनदिक्कत फोन करा. मी कामात असले तरी उचलीन. मागे एक-दोनदा मी "किती वेळा सांगायचे" असे म्हणाले आहे, ते तुम्ही दोघांनी मनावर घेतले असणार. तसे पुन्हा होणार नाही.

बाबा, लाल शाईची ती दोन पाने फाडू नका. प्रत्येक पानावर फक्त तारीख घाला, म्हणजे रचना केव्हा बदलली ते आपल्याला कळेल. आई, टिकल्यांचे नवे पाकीट मी घेऊन येते. लाल टीव्ही लावायला आणि हिरवी सह्याद्रीला.

तुमची लेक