रविवारी दहाला टेंपो येईल

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘आईशी बोल’ म्हणून फोन देऊन टाकतात आणि आईच्या डोळ्यांना धार लागते. म्हणून लिहून पाठवतेय. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

रविवारी तुम्ही दोघं ऐरोलीला आमच्याकडे येताय. बाबांच्या कॅन्सरची केमो संपेपर्यंत तरी. टेंपो सांगून झालाय.

बाबा, पेट स्कॅन स्वच्छ आला म्हणून मी पेढे वाटत होते, तेव्हाही तुम्ही खोकत होतात. कोरडा, ठसका लागल्यासारखा. मी ज्येष्ठमध हातावर ठेवलं आणि विसरून गेले. मग तलावपाळीच्या फेरीत तुम्ही दुसऱ्याच बाकावर टेकलात आणि चपलेचा अंगठा नीट करत बसलात. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं. मी ते पाहिलं आणि तरी डॉक्टरांना फोन करायला दोन दिवस लावले. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

परवा फुप्फुसाच्या तपासणीत नळी तोंडात धरून दहा सेकंद श्वास रोखायचा होता. तुम्ही सातलाच सोडलात आणि काचेतून माझ्याकडे पाहिलंत. गणितात नापास झाल्यावर मी तुमच्याकडे बघायचे ना, अगदी तसं. बाबा, यात तुमची काही चूक नाही. केमोच्या चार औषधांतलं ब्लिओमायसिन फुप्फुसाला बाधलं. ते मोडणारं विकर (एन्झाइम) शरीरात इतरत्र असतं, फुप्फुसात आणि कातडीत फार कमी. शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं, आणि ते किती चालतंय हे सांगणारं तुमचं क्रिएटिनिन आधीच काठावर. त्यात वय 69. सिगारेटचा विषय मी काढत नाही. ती सोडताना तुम्ही काय सोसलंत ते मी पाहिलंय.

ब्लिओमायसिन आता कायमचं बंद. बाकीची तीन औषधं चालू राहतील, उपचार अर्धवट राहत नाहीत. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते. तुमच्यासारख्याच पुढच्या टप्प्यातल्या हॉजकिनवर, म्हणजे लसिकाग्रंथींच्या या कॅन्सरवर, झालेली एक मोठी चाचणी 2016 साली प्रसिद्ध झाली. केमोच्या दोन फेऱ्यांनंतर पेट स्कॅन स्वच्छ आलेल्यांपैकी निम्म्यांना चारही औषधं दिली, निम्म्यांचं ब्लिओमायसिन काढलं. तीन वर्षांनी आजार न उलटलेले 85.7 टक्के आणि 84.4 टक्के. फुप्फुसाचा त्रास मात्र काढलेल्यांत कमी. आणि आपलं लवकर लक्षात आलंय. वेळेत औषध थांबवलं की फुप्फुस बरेचदा सावरतं.

तिसऱ्या मजल्याचे जिने आता नकोत, एवढंच माझं म्हणणं आहे. इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, बाबांची आरामखुर्ची खिडकीशी मावते, मी मोजून पाहिलं. कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीला जाळी लावून घेतलीय. आई, मुलीच्या घरी राहायचं तुला जड जातंय, ठाऊक आहे गं. पण खोली रिकामी करायला आधी तुझे जावईच लागले. कोपिनेश्वरला दर सोमवारी मी तुला घेऊन जाईन, ठाणं काही लांब नाही. तुझा खलबत्ता आण, मिक्सरची चटणी बाबांना उतरत नाही.

आता ऐका. फुप्फुसासाठी दिलेली स्टिरॉइडची गोळी सकाळी खाऊन झाल्यावर, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही. तिने साखर वाढू शकते, ती मी तपासेन. वरच्या काकांनी मायेने देऊ केलेलं ऑक्सिजनचं मशीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही; या औषधानंतर गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन फुप्फुसाला इजा करू शकतो. हर्नियाचं ऑपरेशन पुढे कधीही झालं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ‘ब्लिओमायसिन घेतलंय’ हे आधी सांगायचं. तशी चिठ्ठी लॅमिनेट करून बाबांच्या पाकिटात घातलीय, काढू नका. ताप आला, धाप वाढली, तर रात्री दोनलाही मला उठवायचं.

लहानपणी मला दम लागला की बाबा मला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायचे. माझा श्वास शांत होईपर्यंत स्वतः झोपायचे नाहीत. परवा रात्री तुमच्या दाराशी उभी राहून मी तुमचा श्वास ऐकत होते.

रविवारी सामानाला हात लावू नका, आम्ही दोघं येतोय. तुळशीची कुंडी टेंपोत नको, मी मांडीवर घेऊन बसेन.

तुमची,
छकुली