कुंकू असतानाच सातबाऱ्यावर नाव लागू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून आपल्या दैनिकात कर्तबगार शेतकरी महिलांवर बरंच लिहून येतंय. मी ते आवडीने वाचते आणि दुकानात येणाऱ्या बायकांनाही वाचायला देते. पण आमच्या गावातल्या एका बाईंनी सारा जन्म ज्या गोष्टीसाठी घालवला, ती यातल्या एकाही लेखात आली नाही. म्हणून हे पत्र.

नाशिक जिल्ह्याच्या कांदापट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. तहसील कचेरी समोरच. ज्या बाईंबद्दल लिहितेय, त्यांना सगळा बाजार माई म्हणतो. शिक्षण चौथी. वावर दोन एकरांच्या आतबाहेर, त्यात उन्हाळ कांदा आणि पावसाळ्यात मका. गावात मुलींच्या शाळेला संडास बांधून घेण्यापासून उन्हाळ्यातल्या टँकरच्या पाळ्या लावण्यापर्यंत माई नाहीत असं काम नाही, पण त्याबद्दल इतर कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते त्यांच्या एकाच कामाबद्दल. नवरा हयात असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावून घेणं.

याची सुरुवात चांदवडला झाली. नोव्हेंबर 1986 मध्ये तिथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. लाखावर बायका आल्या होत्या, आणि त्यांत भाकरीचं गाठोडं घेऊन टेंपोत बसून गेलेल्या तरण्या माईही होत्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. माईंचे मालक संघटनेचा लाल बिल्ला लावणारे होते. त्यांनी भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या आणि खरोखरच माईंचं नाव लावलं. काही वर्षांनी ते अचानक गेले. दिरांनी वावर वाटून घ्यायचा घाट घातला तेव्हा माईंनी उतारा काढून समोर धरला. भांडण नाही, कोर्ट नाही. तिथून पुढे माईंनी हे काम धरलं ते सोडलं नाही.

शासनाने 15 सप्टेंबर 1992 च्या परिपत्रकाने याला रीतसर वाट करून दिली आहे, हे कचेरीच्या आवारात रोज येणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. पण अर्ज नवऱ्याने करायचा, आणि त्याला तो करायला लावणं हेच तर खरं काम.

माईंची पद्धत मी जवळून पाहिली आहे. बायको समोर असताना त्या गड्याशी हा विषय कधी काढत नसत. त्याचा मान दुखावतो, मग तो मुद्दाम नाही म्हणतो, असं त्यांचं मत. त्या जायच्या चाळीवर, म्हणजे कांदा साठवतात तिथे, आणि कांदा निवडायला बसायच्या. तासभर बोलणं पावसाचं, भावाचं, रोपाच्या सडीचं. मग हळूच विचारायच्या, "भाऊ, रोप टाकताना दोघं, लावताना दोघं, खांडताना दोघं. मग विकल्यावर पैशांची पट्टी घेताना तू एकटा कसा रे?" माणूस हसायचा. त्या हसायच्या नाहीत. पिशवीतून उतारा काढून भोगवटादाराच्या रकान्यावर बोट ठेवायच्या आणि ते तसंच ठेवून गप्प बसायच्या.

बहुतेकांची अडचण एकच: "उद्या कर्ज काढायचं, वावर विकायचं, तर हिची सही लागेल." माई म्हणायच्या, "लागू दे की. त्यासाठीच तर सांगते." दारूपायी आणि लग्नाच्या खर्चापायी परस्पर गेलेल्या जमिनी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. दुसरी सही लागली असती तर त्यातल्या काही वाचल्या असत्या, हे त्यांचं म्हणणं मला सोळा आणे पटतं.

माईंची एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. बायकोच्या नावासाठी जीव टाकणाऱ्या माई लेकींच्या हिश्श्याचा विषय निघाला की गप्प होत. भावांना हक्कसोड करून, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याशिवाय माहेर टिकत नाही, असं त्या म्हणत. 2005 पासून कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे, आणि माझ्या दुकानात मात्र रक्षाबंधनाच्या आगेमागे हक्कसोडीची कागदपत्रं झेरॉक्सला येतात. यावरून आमचा वादही झालाय. तरी त्यांनी जे केलं ते माझ्या बोलण्याहून मोठं आहे.

2025 मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम चालवली, मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावली. चांगलं काम झालं. दुकानात त्या काळात पाय ठेवायला जागा नव्हती. पण त्या नोंदींकडे नीट पाहा. बाईचं नाव सातबाऱ्यावर येतं ते बहुतेक वेळा वारस म्हणून, म्हणजे नवरा गेल्यावर. देशात जमीन कसणाऱ्या खातेदारांत बायकांचं प्रमाण 2015-16 च्या कृषी गणनेत सुमारे 14 टक्के होतं. वावरात वाकलेल्या पाठी पाहिल्या तर हा आकडा कुणाला खरा वाटणार नाही. माई म्हणतात, "पांढऱ्या कपाळाला जे मिळतं ते कुंकू असताना मिळू दे."

आणि जिचा नवरा मेलाही नाही, तिचं काय? माझ्याकडे एक बाई येते. नवरा घर सोडून गेला, शहरात दुसरा संसार थाटला. वावर ही कसते, खतं हीच उधारीवर आणते. अतिवृष्टीत कांदा सडला, पंचनाम्याला माणसं आली तेव्हा चिखलात उभी हीच होती. भरपाई जमा झाली त्याच्या खात्यावर, कारण खातेदार तो. तिला ते कळलं शेजारणीकडून. कृषी योजनांना आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो काढायला आधी नावावर जमीन लागते. मी संगणकावर तिचं आधार टाकते, पुढे जमिनीच्या तपशिलात घालायला काहीच नसतं. ती माझ्या तोंडाकडे बघत बसते. विधवा असती तर वारस नोंद तरी झाली असती, हे तिला मी कुठल्या तोंडाने सांगू?

माई आता थकल्या आहेत. गुडघे साथ देत नाहीत, चाळीवर बसायला जाणं होत नाही. एका बाईने पायपीट करून जे केलं ते महसूल खात्याला अवघड नाही. माझी मागणी साधी आहे. जिवंत सातबाऱ्यासारखीच लक्ष्मी मुक्तीची मोहीम गावोगाव घ्या. ग्रामसभेच्या दिवशी तलाठ्याने टेबल लावावं आणि तिथेच अर्ज घ्यावेत. एका सजेत, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, "असं परिपत्रक आमच्याकडे नाही" म्हणून नवऱ्याचा भरलेला अर्ज परत केला गेला. तो गडी पुन्हा आलाच नाही. मोठ्या मुश्किलीने तयार झालेला माणूस एका हेलपाट्यात फिरतो, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. शिवाय अनेक ठिकाणी वावर अजून आजोबांच्याच नावावर आहे. नवराच खातेदार नाही, तर तो बायकोला काय देणार? तिथे आधी वारस नोंद आणि त्याला जोडूनच हा अर्ज, असं एका फेरीत व्हायला हवं.

तोवर ज्या घरांत हे करायची इच्छा आहे त्यांच्यासाठी: चालू सातबारा आणि आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा काढा, दोघांचं आधार जोडा, नवऱ्याच्या सहीचा अर्ज तहसील कचेरीत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. बायकोचं नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच लिहा. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असेल तर आधी ते दुरुस्त करा, सगळ्यांत जास्त अर्ज तिथेच अडतात. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीचे पंधरा दिवस जातात, त्यानंतर नोंद मंजूर झाली का ते स्वतः जाऊन पाहा. अर्जाचा नमुना माझ्या दुकानात कुणालाही मिळेल. माईंच्या सांगण्यावरून त्याचे पैसे मी घेत नाही.

आपली,
एक वाचक भगिनी, जि. नाशिक