कुलूप फोडायची घाई करू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पार रडकुंडीला आला होता. बुलेटची चावी फिरत नाही, हँडल लॉक सुटत नाही आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, फोडून टाकू. बाबांनी अर्धं ऐकून फोन माझ्या हातात दिला. बरोबरच आहे, स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर मी बसते, ते नाही. लॉक सेट घ्यायला येणाऱ्या निम्म्या लोकांना मी सेट न विकताच परत पाठवते, कारण त्यांचं कुलूप बिघडलेलं नसतं, नुसतं मळलेलं असतं.

तुझी गाडी २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठी नदीच्या पुरात उभी होती, हे लक्षात ठेव. पाणी ओसरल्यावर इंजिन खोललं, टाकी धुतली, वायरिंग बदललं. कुलपांकडे कुणी पाहिलंच नाही. तो गाळ इतका बारीक होता की घरातल्या कपाटांच्या कड्यांतूनसुद्धा महिनोन्महिने निघत होता. त्यात कुणीतरी वरून तेल सोडलं असणार. तेल पडलं की चावी दोन दिवस छान फिरते, मग तेच तेल धूळ धरून ठेवतं आणि आत काळा लगदा तयार होतो.

आत काय असतं ते आधी सांगते, म्हणजे हात आपोआप हलका राहील. चावी जिथे जाते त्या गोल भागात पितळेच्या पातळ पट्ट्या एकीपुढे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला केसाएवढ्या तारेची स्प्रिंग असते. चावीच्या खाचा त्या पट्ट्यांना नेमक्या उंचीवर आणतात. सगळ्या आत बसल्या की गोल भाग फिरतो, एकच बाहेर राहिली तरी फिरत नाही. गाळाने पट्टी अडकते किंवा वापरून वापरून चावीच्या खाचा झिजतात. दोन्हींत पक्कड लावून पिळलंस तर पट्टी सुटणार नाही, चावी तुटेल. आणि तुटलेला तुकडा काढणं हे मूळ कामापेक्षा अवघड.

सुरुवात चावीच्या स्विचपासून कर, तो अॅमीटरशेजारी असतो (अॅमीटर म्हणजे बॅटरीत वीज जाते की बॅटरीतून निघते ते दाखवणारा काटा). आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. स्विचच्या खाली वीज जोडणारे कॉन्टॅक्ट असतात, म्हणून तिथे तेल नाही, ग्रीस नाही, पेन्सिलीची पूडही नाही. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, त्यातून वीज जाते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे नळी लावून भोकात मार, चावी न फिरवता आत-बाहेर कर, दर वेळी फडक्याला पूस. काळं निघेल. निघायचं थांबेपर्यंत हेच करत राहा. मग पूर्ण सुकू दे. चावी सहज फिरायला लागली की वायर परत जोड, स्विच ऑन करून हेडलाइट लाव आणि इंजिन बंद ठेवूनच अॅमीटरकडे बघ. काटा मायनसकडे जाऊन स्थिर राहायला हवा. चावी जरा हलवल्यावर काटा उड्या मारत असेल तर कॉन्टॅक्ट गेलेत, मग मात्र स्विच बदल. साफ करून वेळ मारून नेलीस तर गाडी नेमकी घाटात बंद पडेल.

हँडल लॉकचं वेगळं. ते खाली मानेपाशी, रस्त्याची धूळ खात बसलेलं. तिथे डब्ल्यूडी-४०, म्हणजे गंज-मळ सोडवणारा स्प्रे, चालेल, पण फक्त धुण्यापुरतं. सुकल्यावर ग्राफाइट पूड टाक, नाहीतर मऊ पेन्सिलीचं शिसं खरवडून चावीला चोळ. गाडी मेन स्टँडवर घे. लॉकचा बोल्ट भोकात गेलेला असतो आणि हँडलचं सगळं वजन त्याच्यावर पडलं की चावी कितीही चांगली असो, फिरत नाही. म्हणून एका हाताने हँडल डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहा आणि दुसऱ्या हाताने चावीवर हलका दाब दे. कधीतरी हँडलचा दाब बोल्टवरून सुटतो, त्या क्षणी ती फिरते. जोर लावून नाही, वाट बघून.

आणि एक गोष्ट मी तुला बजावून सांगते. लॉक सुटलं, पण बोल्ट पूर्ण मागे गेला नाही, अर्धवट लटकतोय असं वाटलं तर गाडी चालवायची नाही. चालवताना तो पुढे आला तर हँडल वळणावर अडकेल. स्टँडवरच हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघ, कुठे खरखर किंवा टक्कर लागते का. लागली तर गाडी टेम्पोत घालून गॅरेजला ने.

फोडायचं म्हणणाऱ्या मिस्त्रीला नाही म्हण. ड्रिल मारलं तर लोखंडाचा चुरा कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, गोळ्यांत जाऊ शकतो. पुढे हँडल जड झालं की मग कोनसेट बदला, म्हणजे दोनदा खर्च. खरंच लॉक बदलायची वेळ आली तर गॅरेजमध्ये आपलं बिल आणि आरसी घेऊन जा, नाहीतर चोर समजून बघतील.

तुझ्याकडची चावी झिजलेली आहे, फोटोत खाचा गोल दिसतात. चावीवाल्याकडे तिचीच डुप्लिकेट करू नकोस, झीजसुद्धा नक्कल होते. कपाटात मूळची दुसरी चावी आहे, कधी वापरलेलीच नाही. उद्या चिपळूण–स्वारगेट एसटीच्या पार्सलने पाठवते, संध्याकाळी उतरवून घे. सोबत कॉन्टॅक्ट क्लीनर आणि थोडे बेसनाचे लाडू आहेत. लाडवाच्या डब्यात चावी नाही, ती वेगळ्या पाकिटात आहे, शोधत बसू नकोस.

आईचे आशीर्वाद