बाबा, यंदा रोवणीत उतरायचं नाही

नागपूर

प्रिय आई, बाबा,

फोन केला असता तर बाबांनी "बरं बरं" म्हणत आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहिते आहे. दादाशी बोलणं झालं. यंदाचं धान तो ठेक्यानं करतो. आधी विचारायला हवं होतं म्हणाल, पण विचारलं की "पुढच्या वर्षी पाहू" हे ठरलेलंच. सातबारा तुमच्याच नावावर आहे, बाबा. धुऱ्यावर उभं राहून खुशाल ओरडा.

आमच्या वॉर्डात एक काका आहेत. धानवाले, शुगरवाले. ताप-खोकला हटेना, फोटोत डाग दिसला, म्हणून बाहेर कुणीतरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. उतार नाहीच. इथे रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढतो का ते पाहायला लॅबमध्ये ठेवलं, आणि जंतू वाढला. घाईत स्यूडोमोनास या दुसऱ्याच जंतूच्या नावानं रिपोर्ट गेलाही असता, पण तो जेंटामायसिन या अँटिबायोटिकला दाद देईना, कोलिस्टिनलाही नाही, आणि को-अमॉक्सिक्लॅवला मात्र मरत होता. तिथेच आमच्या मॅडम थबकल्या. मेलिओइडोसिस निघाला. 1912 मध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी रंगूनमधून लिहून ठेवलेला आजार, अजूनही टीबीच्या नावावर खपतो! जंतू चिखलात, साचल्या पाण्यात राहतो, पायाच्या चिरेतूनही शिरतो, आणि शुगरवाल्यांना आधी गाठतो.

काकांना निदान 14 दिवस शिरेतून मेरोपेनेम, मग 3 महिने तरी को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. मध्येच सोडल्या तर उलटतो. आता जेवतात, बैलांची चौकशी करतात.

आई, तू घाबरू नको. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही, आणि लॅबमध्ये मी जंतू बाहेर येऊ न देणाऱ्या कॅबिनेटमध्येच काम करते. डबा वेळेवर येतो, मेसवाल्या काकू पाटोडीचा रस्साही करतात. तुझ्यासारखा नाही, पण चालतो.

बाबा, बांधीतून जाताना मला खांद्यावर घ्यायचे आणि स्वतः अनवाणी. त्या टाचांच्या भेगा मला अजून दिसतात. गमबूट दादाकडे पाठवले आहेत, धुऱ्यावरही तेच घालायचे. आई, रोज रात्री यांचे पाय बघ. शुगरची गोळी चुकवू देऊ नको. आणि ताप आला तर गावातलं इंजेक्शन घेण्याआधी मला फोन. आधी रक्त कल्चरला गेलं पाहिजे.

बाबा, रागावला असाल तर रागवा, पण गमबूट मापात बसले का ते दादाजवळ सांगा. नाहीतर बदलून आणते.

तुमची,
छोटी