पहिल्या अडथळा शर्यतीसाठी नुसते पळणे पुरेसे नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

चिखल, भिंती, दोर आणि जाळ्या पार करत पाच-दहा किलोमीटर धावायच्या अडथळा शर्यतींकडे आपल्या मराठवाड्यातील तरुणांचा ओढा वाढतो आहे. पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले, शिक्षणासाठी लातूर-संभाजीनगरला राहिलेल्या मुली, बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करणारी मंडळी, सगळेच अलीकडे विचारतात, ‘सर, पहिलीच शर्यत आहे, काय तयारी करू?’ क्रीडाशिक्षक म्हणून सगळी नोकरी मैदानावर गेल्यामुळे हा प्रश्न ऐकून मला मनापासून आनंद होतो. पण पाठोपाठ ‘रोज पाच किलोमीटर पळतो, तेवढे पुरेल ना?’ असे ऐकू आले की काळजी वाटू लागते. तेवढे पुरत नाही. ते का पुरत नाही आणि त्यासाठी काय करावे लागते, हे आपल्या दैनिकातून सविस्तर सांगता यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्या मुलांच्या पायांबद्दल मला शंका नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या मातीत किती दम आहे हे सगळ्या जगाने पाहिले. स्टीपलचेसमध्येही २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. परंतु ते सारे पायांनी ओलांडायचे असतात. अडथळा शर्यतीत अंगाचा सगळा भार वारंवार हातांवर येतो. आपल्या देशात होणाऱ्या डेव्हिल्स सर्किटमध्ये पाच किलोमीटरच्या अंतरात १५ अडथळे असतात, तर स्पार्टन रेसच्या सर्वांत लहान प्रकारात तेवढ्याच अंतरात २० असतात, म्हणजे धावण्याचा सलग तुकडा काहीशे मीटरच्या पुढे फारसा जातच नाही. पळून दम लागलेला, हात ओले, बोटांच्या बेचक्यांत चिखल, अशा अवस्थेत मंकी बारला, म्हणजे डोक्यावरच्या आडव्या दांड्यांच्या रांगेला, लटकून एकेक दांडा पकडत पुढे सरकायचे असते. एरवी पाच किलोमीटर सहज पळणारा मुलगा तिसऱ्या-चौथ्या दांड्यावरून खाली येतो, तेव्हा त्याच्या छातीत भरपूर दम शिल्लक असतो, पण बोटे उघडलेली असतात.

भरतीची तयारी केली म्हणजे ही तयारी आपोआप झाली, असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक एवढेच असते. साहजिकच त्या मुलामुलींना कुठेही लटकण्याची वेळ येत नाही. सैन्याची तयारी करणाऱ्यांची स्थिती बरी म्हणायची, कारण तिथे १.६ किलोमीटर धावण्याबरोबर बीम (दांड्याला लटकून हनुवटी वर नेणे), नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग पट्टीवरून तोल सांभाळत चालणेही असते. तरीही झटके देत दहा बीम मारणे आणि ओल्या दांड्याला अर्धा मिनिट शांतपणे लटकून राहणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शर्यतीत दुसरीची गरज जास्त पडते.

म्हणून नाव नोंदवण्याआधी किमान बारा आठवडे हातात ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगतो. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश मजबूत होतात, आणि शेवटच्या पंधरवड्यात घाईने केलेल्या सरावात कोपर व खांदा दुखावतो तो याच कारणाने. पहिल्या आठवड्यात दांड्याला दहा-पंधरा सेकंद लटकावे, खाली उतरून पुरता श्वास घ्यावा आणि पुन्हा लटकावे. असे चार-पाच वेळा, एक दिवसाआड. खांदे कानाला भिडू न देता किंचित खाली ओढून धरावेत, नाहीतर सगळा ताण सांध्यावर जातो. सलग पाऊण मिनिट लटकणे जमू लागले की दांड्यावर ओला टॉवेल टाकून तो दोन्ही हातांत धरावा आणि त्याला लटकावे, कारण खरी पकड ओल्या आणि जाड वस्तूवरच कळते. गावात बीम नसेल तर कडुलिंबाची किंवा चिंचेची जिवंत, मनगटापेक्षा जाड फांदी चालते. शेवग्याच्या फांदीला मात्र कोणीही लटकू नये, ती वरून कितीही भक्कम दिसली तरी कडकन मोडते.

दोर चढण्याच्या बाबतीत तर आपण मुळात श्रीमंत आहोत. गावोगावच्या तालमींत पैलवान दोर चढत आले आहेत, आणि दोरीचा मल्लखांब हा आपलाच खेळ आहे. पहिल्यांदा चढणारा तरुण नुसत्या हातांनी अंग ओढू पाहतो आणि निम्म्यावर थकतो. खरे काम पायांचे असते. दोर उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने खाली सोडावा, डाव्या पावलाने तो उजव्या पावलाखालून उचलून उजव्या बुटावर आणावा आणि डाव्या बुटाने तिथेच घट्ट दाबून धरावा. दोन बुटांमध्ये दोर असा चिमटला की त्यावर चक्क उभे राहता येते, आणि उभे राहिल्यावर हात एक वीत वर सरकवणे एवढेच उरते. हा पेच जमिनीवर खुर्चीत बसून आधी शिकावा, मग चढावे. उतरताना हातातून दोर सरकू देऊ नये, तळहाताची कातडी निघते. पाय सैल-घट्ट करत एका हाताखाली दुसरा हात घेत उतरावे. तालमीतल्या वस्तादांना हे सगळे ठाऊक असते, आणि त्यांच्याकडे जाऊन विचारण्यात शहरात शिकलेल्या मुलांनी संकोच करू नये.

भिंत, सरपटणे आणि ओझे यांबद्दल फार लिहीत नाही. भिंतीच्या माथ्यावरून थेट उडी न मारता आधी हातांनी लोंबकळावे, पाय जमिनीच्या शक्य तितके जवळ आणावेत आणि मग गुडघे वाकवून उतरावे. घोटे मुरगळतात ते चढताना नव्हे, असे उतरताना केलेल्या घाईत. काटेरी तारेखाली जागा असेल तर कोपरांवर सरपटण्यापेक्षा कुशीवरून लोळत जाणे कमी दमवते. ओझ्यासाठी वीस किलोची गव्हाची गोणी खांद्यावर घेऊन शेताच्या बांधाबांधाने चालावे. जोर, बैठका आणि बेडूकउड्या आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या आहेत. त्या वेगळ्या न करता चारशे मीटर पळून लगेच वीस जोर, पुन्हा चारशे मीटर आणि लगेच लटकणे, असे गुंफून कराव्यात, म्हणजे दम लागलेला असताना हातांनी काम करण्याची सवय होते. सराव उन्हाळ्यात येत असेल तर तो सूर्य उगवण्याआधी उरकावा. पारा चाळिशीपार असताना दुपारी पळून घाम गाळणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण आहे, आणि पळता पळता थंडी वाजल्यासारखे झाले, बोलणे अडखळू लागले तर तिथेच थांबून सावली गाठावी, अंगावर पाणी ओतावे आणि दवाखाना जवळ करावा.

सर्वांत जास्त काळजी मला पाण्याच्या अडथळ्यांची वाटते. २०१३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अशाच एका शर्यतीत उंचावरून पाण्यात उडी मारण्याच्या अडथळ्यात एका तरुणाचा बुडून मृत्यू झाला होता. आपल्या भागात पूर्वीची पिढी विहिरीत पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकली. पुढे दुष्काळाच्या वर्षांनी विहिरी आटल्या आणि पुष्कळ मुलांना पोहणे शिकायला पाणीच मिळाले नाही. पोहता न येणाऱ्याने ही गोष्ट लपवू नये. पाण्याची खोली किती, जीवरक्षक किती आणि तो अडथळा टाळण्याची मुभा आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच आयोजकांना विचारावे, आणि नीट उत्तर मिळाले नाही तर त्या शर्यतीला जाऊ नये. अडथळा सोडला तर बर्पी (खाली वाकून जोर काढायचा आणि उठून उडी मारायची असा व्यायाम) मारायला लावतात किंवा जादा फेरी घालावी लागते. ती खुशाल घालावी. पोहता येणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की बूट घालून, दमलेल्या अंगाने, वरून दुसरा कोणी उडी मारत असताना पोहणे हे विहिरीतल्या पोहण्यासारखे नसते.

साहित्यात फार खर्च नाही. सुती बनियन आणि जीन्स पाण्याने जड होतात, म्हणून खेळाचे कृत्रिम धाग्याचे अंगाबरोबर बसणारे कपडे वापरावेत; बुटाच्या तळाला खाचा असाव्यात आणि ते आधी वापरून पायात मुरलेले असावेत. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र हे सगळे घरी ठेवून जावे, कारण दांड्यात किंवा खिळ्यात अंगठी अडकली आणि अंगाचा भार त्या बोटावर आला तर बोट कायमचे निकामी होऊ शकते. नखे कापावीत. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे, आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो म्हणून उघडी जखम असेल तर त्या खेपेला शर्यत सोडून द्यावी. आदल्या रात्री नेहमीची भाकरी-भाजी किंवा भात-वरणच खावे. मित्राने दिलेली कसली पावडर त्या दिवशी पहिल्यांदा घेऊन पाहू नये.

शेवटी क्रीडा खात्याला माझी एक मागणी आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतील घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत येत आहे, म्हणजे हा आता केवळ हौसेचा खेळ राहिलेला नाही. प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात एक बीम, एक जाड दोर, सहा फुटी लाकडी भिंत आणि मंकी बारची एक रांग एवढे उभे करायला मोठा निधी लागणार नाही, आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनाही त्याचा रोज उपयोग होईल. तालमीत मुलींना अजूनही सहज प्रवेश मिळत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी संकुलातली सकाळची एक वेळ राखून ठेवावी. ज्या मराठवाड्याने धाराशिवच्या सारिका काळे यांच्यासारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी खो-खोपटू घडवली, तिथल्या मुलींना दोराला हात लावायला जागा मिळू नये हे मला पटत नाही. हे साहित्य बसवताना त्याखाली किमान फूटभर मऊ वाळू टाकावी, आणि दोर, कड्या व नटबोल्ट दरमहा तपासून तशी नोंद वहीत करण्याची जबाबदारी संकुलातील एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे लेखी सोपवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड