एका घरात दोन पगार: केनियाच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदया,

स. न. वि. वि. तुम्ही याच महिन्यात, ऑगस्ट २०२४ मध्ये, शपथ घेतलीत. तुम्ही स्वतः डॉक्टर आहात हे वाचून आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं होतं. हे पत्र तुम्हाला इंग्रजीत पाठवलंच आहे. इथे मराठीत मांडते, कारण पोटातलं मला याच भाषेत बोलता येतं.

परवा मुलीला डॉक्टरकीच्या इंटर्नशिपच्या पोस्टिंगचं पत्र आलं. डिसेंबरपासून ती त्याची वाट बघत होती. इस्त्रीचा पांढरा कोट दाराआड खुंटीला टांगलेला, धूळ बसू नये म्हणून मी त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवलेली. तिने पत्र वाचलं, माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पत्रात महिना ७०,००० शिलिंग.

तीन वर्षांपूर्वी याच घरातून माझा मुलगा इंटर्नशिपला गेला, तेव्हा त्याला २,०६,४०० शिलिंग पगार होता. दोघांचा सहा वर्षांचा अभ्यास तोच, पदवी तीच, काम तेच. वजाबाकी मी स्वतः केली. महिन्याला १,३६,४०० कमी, वर्षाला सोळा लाखांवर. सांगलीचा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आपल्याकडे इंटर्नला याहूनही कमी मिळतं." मिळत असेल. पण आमच्या सरकारने २,०६,४०० च्या आकड्यावर सही केली आहे. २०१७ मध्ये, शंभर दिवसांच्या संपानंतर, डॉक्टरांच्या संघटनेचे सात पदाधिकारी तुरुंगात जाऊन आल्यानंतर. सही केलेला करार मोडायचा असेल तर पोरांना तुरुंगात कशाला धाडलं होतं?

यंदाही तेच झालं. २९ फेब्रुवारीच्या मोर्चात संघटनेचे सरचिटणीस दावजी अटेल्ला यांच्या डोक्यात अश्रुधुराचं नळकांडं बसलं. मग १४ मार्च ते ८ मे, छप्पन्न दिवस संप. मिटवताना इंटर्नांचा प्रश्न साठ दिवसांत मार्गी लावू असं ठरलं. महोदया, ऑगस्ट सरत आला. तुमच्याकडचे साठ दिवस किती महिन्यांचे असतात?

तुम्हीही कधीतरी इंटर्न असाल, म्हणून सांगते. माझा मुलगा एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, रुग्णालयात होता. छत्तीस तासांची ड्युटी करून आला की आंघोळसुद्धा न करता जेवायला बसायचा. एकदा वरणभात आणि सुकुमा विकीची (इथली पालेभाजी) भाजी वाढून मी पाणी आणायला वळले. परत येते तर तो बसल्याजागी झोपलेला, उजवा हात ताटातच. भात बोटांवर वाळत चाललेला. मी हात पुसला तरी जाग नाही. त्या रात्री वीज गेली होती आणि एका बाईचे टाके त्याने मोबाईलच्या उजेडात घातले होते. हातमोजे स्वतःच्या खिशातून आणलेले. पगारही वेळेवर नाहीच, तीन-तीन महिने उशिरा. तरी वर्ष पुरं केलं, कारण त्याशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय दवाखाना टाकता येत नाही. पोरांची मान नेमकी तिथेच अडकते, म्हणून वाट्टेल तो आकडा पुढे करायचं धाडस होतं. आज तो इंग्लंडमध्ये आहे. तिथले म्हातारे माझ्या मुलाला देवासारखा मानतात आणि इथे तालुक्याच्या गावी रुग्ण व्हरांड्यात झोपतात.

पैसे नाहीत असं सांगू नका. २०१८ मध्ये क्युबातून शंभर डॉक्टर आणताना पैसे होते. त्यातल्या दोघांना २०१९ मध्ये सोमालियाच्या सीमेवरच्या मांडेरातून पळवून नेलं, आणि २०२३ मध्ये तो करारच गुंडाळला. २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजाला आफ्रिकेच्या सगळ्या सरकारांनी अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्याला देऊ असा शब्द दिला. तेवीस वर्षं झाली, आपण त्याच्या जवळपासही नाही. राज्यघटनेचं ४३ वं कलम उत्तम आरोग्याचा हक्क देतं म्हणे. २०१३ पासून रुग्णालयं काउंट्यांकडे गेली. काउंटीत विचारलं तर नैरोबीकडे बोट, नैरोबीत विचारलं तर काउंटीकडे. मग २५ जूनला संसदेबाहेर करवाढीविरुद्धच्या मोर्चावर गोळ्या चालल्या तेव्हा जखमींना कोणी उचललं? याच पोरांनी. माझी मुलगीही होती तिथे. ओढणी फाडून पट्ट्या बांधून आली, तिला पगार कोण देतं हे तिने तेव्हा विचारलं नाही.

माझ्या मागण्या दोनच आहेत. २०१७ च्या करारातला आकडा जसाच्या तसा पाळा. आणि ज्यांना ही पत्रं गेली त्यांना दुरुस्त केलेली पत्रं पाठवा, कोर्टात वर्षं घालवू नका.

हजर व्हायची मुदत सोमवारची आहे. जायचं की नाही ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. कोट अजून दाराआडच आहे.

आपली,
दोन डॉक्टरांची आई
नैरोबी, ऑगस्ट २०२४